कॅमेऱ्याच्या उजवीकडे

शॉट सत्तावीस, टेक चार. कप डाव्या हातात. कप अर्धा. शर्टाचं वरचं बटण उघडं.

आई म्हणते, तुझं लग्न ठरलं तरी तू आधी नवऱ्याची बटणं मोजशील.

शॉट सत्तावीसमधला तो याआधी एका सिनेमात वेटर होता. सहा सेकंद. दुसऱ्यात नायकाचा मित्र – 'जा, सांग तिला' म्हणून धक्का द्यायचा, बस.

ओल्या छत्र्यांचा वास बंद खोलीत तीन दिवस टिकतो.

कॅमेरा चालू असताना सेटवर कुणीही हसायचं नाही.

•

तो माझ्या खुर्चीत बसला होता.

"उठा," मी म्हणाले.

"नाव कुठे लिहिलंय?"

"नाव नाही. पण तुमचा पाय माझ्या डब्यावर आहे."

त्याने पाय उचलला, वाकून खाली बघितलं. "सॉरी हं," – हे डब्याला. मग मला, "तुम्ही कोण?"

मी कंटिन्युइटी बघते. आधीच्या शॉटमध्ये नट जसा होता तसाच पुढच्यात आहे ना, हे वहीत लिहायचं. कप कुठल्या हातात, भांग कुठल्या बाजूला, नजर कुठे. आणि तो स्टँड-अप कॉमेडियन. नऊ वर्षं माइक हातात धरून लोकांना हसवलेला माणूस. या सिनेमात नायिकेचा थोरला भाऊ – त्याची पहिली खरी भूमिका. अकरा सीन.

"इथे सगळे तुम्हाला ताई म्हणतात," तो म्हणाला. "मीपण म्हणू?"

"म्हणा की."

"नको... पुढे अडचण होईल."

मी वहीत तोंड खुपसलं. कान गरम झालेले वहीत लिहायची पद्धत नसते, ते बरं.

•

पहिल्याच दिवशी त्याची वाट लागली. टेक एक – त्याने वाक्य टाकलं, सेटवर चिडीचूप. टेक दोनला त्याने वाक्य बदललं. टेक तीनला आणखी बदललं. दिग्दर्शक ओरडला, "अरे बाबा, लिहिलंय तेच बोल ना!"

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. तोंड उतरलेलं.

"कुणीच हसत नाही. मी इतका वाईट आहे?"

"हसलं तर आवाज रेकॉर्ड होतो. म्हणून."

"म्हणजे ही चाळीस माणसं आतल्या आत हसतायत?"

"चाळीस नसतील. पाच-सहा."

"त्यात तुम्ही?"

"मी लिहीत असते."

"बाबा कधी माझ्या शोला आले नाहीत," तो एकदम म्हणाला. "म्हणतात, पडद्यावर धड दिसलास की सांग, सदरा इस्त्री करून येतो. सहा सेकंदांसाठी इस्त्री करणार नाहीत ते."

मी माझ्या डब्यातली अर्धी पोळी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती खाताना एकही विनोद केला नाही.

•

त्यानंतर तो सुधारला. वाक्यं जशीच्या तशी. दिग्दर्शक खूश.

फक्त नजर.

नायिका कॅमेऱ्याच्या डावीकडे उभी राहायची. त्याने तिकडे बघून बोलायचं. माझी खुर्ची उजवीकडे. तो डावीकडे बघून सुरुवात करायचा आणि वाक्य संपता संपता... उजवीकडे. इतकंसं. बोटभर. सेटवरच्या छोट्या मॉनिटरवर ते कळायचं नाही. मला कळायचं. त्या बोटभराच्या टोकाला मी बसलेली होते.

मी रोज सकाळी केस धुऊन यायला लागले.

तो मला 'अगं' म्हणायला लागला, मी त्याला 'अरे'. पाऊस आला की दोघांत एक छत्री – त्याचा डावा खांदा भिजायचा, माझा उजवा. पुढच्या शॉटला त्याचा खांदा वाळवताना मी हेअर ड्रायर धरायची, आणि तो म्हणायचा, "हळू... भाजतंय. खांदा नाही गं."

वहीत 'नजर' असा एक रकाना असतो. त्याच्या प्रत्येक शॉटपुढे तो कोरा राहिला.

•

संकलक बाई साठीच्या. शूटिंग संपल्यावर एडिटिंगच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी मला भरदुपारी बोलावून घेतलं. मोठ्या पडद्यावर त्याचा चेहरा थांबवलेला.

"काय गं, हा बहिणीशी बोलतोय, आणि बघतोय कुठे?"

मी वहीतला 'नजर'चा रकाना तळहाताने झाकला.

"एक-दोन शॉट असते तर झाकले असते मी. सगळे क्लोज-अप असे. चेहरा सुंदर आहे हो माणसाचा... पण बहिणीकडे असं कुणी बघतं का?" त्या माझ्याकडे वळल्या. चष्मा काढला. "तुझी खुर्ची कुठे होती?"

उत्तराची त्यांना गरज नव्हती.

अकराचे तीन सीन उरले. तिन्ही लांबून, पाठमोरे. पुढच्या सिनेमात ज्याने त्याला नायक करायचं कबूल केलं होतं, त्या निर्मात्याने हे फुटेज बघितलं आणि म्हणाला, हा स्टेजवरच बरा.

•

तो ज्या छोट्या हॉलमध्ये शो करायचा, तिथे मी गेले. दुपारचे चार. तो खुर्च्या मांडत होता.

"बाबा आले होते सिनेमाला," तो म्हणाला. "इस्त्रीचा सदरा घालून. बाहेर आल्यावर म्हणाले – पाठ तुझीच होती, ओळखली मी."

तो हसला. मला नाही जमलं.

"मला दिसत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"तू माझ्याकडे बघत होतास. लिहायला हवं होतं. नाही लिहिलं."

त्याने हातातली खुर्ची खाली ठेवली.

"का?"

"लिहिलं असतं तर... तू बघायचं थांबला असतास."

तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थांबला. स्टेजवर तो असा थांबला की लोक श्वास धरतात आणि मग हसतात. मी श्वास धरून उभी होते.

"वाक्य जमलं की तुझी पेन्सिल थांबायची," तो म्हणाला. "तेवढंच हसू होतं तिथे. पहिले चार दिवस मी पेन्सिलच बघत होतो."

"आणि नंतर?"

"नंतर पेन्सिल कुठे होती मला माहीत नाही."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," मी म्हणाले. असं सरळ, कागदावरून वाचल्यासारखं.

"मला माहितेय गं." त्याने पुढच्या रांगेतली एक खुर्ची उगाचच सरळ केली. "माझंही. पण तू रात्री इथे बसलीस तर मी तुझ्याकडेच बघेन... आणि मला दिसेल बाबांचा इस्त्रीचा सदरा. प्रत्येक वेळी."

"मग?"

"मग नको येऊस."

मी छत्री उचलली. दारापर्यंत तो आला. माझा उजवा खांदा कोरडा होता, तरी त्याने पालथ्या हाताने एकदा पुसला.

•

शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्याच्या शॉट नऊनंतर, दिग्दर्शकाने मला विचारलं होतं, "नजर बरोबर होती ना?" मी हो म्हणाले होते.