बरणीतली ओली माती

रणगाड्यांची अख्खी तुकडी चिखलात बुडाली.

वाचलंत? आता विसरा. सरकारी नोंदीनुसार ती बुडालेली नाही. अजून वाटेत आहे.

बाकी सगळं शंभर टक्के खरं. युद्धाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, सैन्याच्या नकाशाखोलीत, भर दुपारी माझ्या मामांसोबत घडलेलं.

मामा भूवैज्ञानिक. रणगाडे कुठून जातील, कुठे रुततील, ते माती चावून सांगायचे. दाताखाली कचकचली तर रेताड, लोण्यासारखी लागली तर चिकण. चिकण म्हणजे नकाशावर लाल रंग. तिथून जायचं नाही.

पहिल्या तुकडीतला चांदीच्या दाताचा ड्रायव्हर त्यांना चिडवायचा, "साहेब, मीठ बरोबर आहे ना?"

तुकडीच्या वाटेतल्या खोऱ्यावर मामांनी लाल रंग दिला होता. कर्नलनी तो हिरवा करून घेतला. लाल रंग भिंतीवर बरा दिसत नव्हता.

तुकडी गेली. वायरलेसवर आधी शिव्या आल्या, मग बुडबुडे...

मग काहीच नाही.

आता दुसरी तुकडी त्याच वाटेने निघणार होती. तिच्यात मामांचा धाकटा भाऊ होता.

"हिरव्यावर सही करा," कर्नल म्हणाले. "पहिली तुकडी पोचतेय."

"पोचतेय म्हणजे?"

"म्हणजे पोचतेय. खात्री हवी तर चाखा पुन्हा. माती खाण्यात तुमचा हात कोण धरणार?"

मामांनी खोऱ्यातल्या मातीच्या नमुन्याची बरणी काढली. युद्धाआधी सीलबंद केलेली. तेव्हाची माती वाळून खडखडीत.

आत... माती ओली होती.

झाकण उघडलं. डिझेलचा वास. त्याखाली दुसरा... कपाटामागे उंदीर मेल्यासारखा.

पंखा फिरत होता. त्याचा आवाज मात्र थांबला होता.

मामांनी चिमूटभर तोंडात टाकली. लोण्यासारखी. कोमट. त्यात एक केस.

मग दाताखाली कट्‌ झालं...

ते तळहातावर थुंकले.

चांदीचा दात.

आणि बरणीतून, अगदी खेळकरपणे... "साहेब, मीठ बरोबर आहे ना?"

कर्नलनीही ऐकलं. त्यांनी दात रुमालाने पुसला, बरणीत ढकलला, झाकण घट्ट लावलं.

"नमुन्यात भेसळ आहे. सही करा."

मामा थेट नकाशावरच ओकले. आत चिमूटभर गेली होती... बाहेर बादलीभर आली. सगळं हिरवं चिखलाखाली गेलं.

दुसरा नकाशा नव्हता. तुकडी लांबच्या रस्त्याने गेली. भाऊ परत आला. कर्नलना बढती मिळाली.

मामा आजही जेवता जेवता थांबतात. जिभेवरून बोटाने काहीतरी काढतात...

आम्ही दुसरीकडे बघतो.

दरवर्षी ते खात्याकडे एकच अर्ज पाठवतात:

"सदर तुकडी बुडालेली नसल्यास, माझ्या तोंडातून अधूनमधून बाहेर येणारे तिचे जवान खात्याने ताब्यात घेऊन नियोजित ठिकाणी पोचते करावेत, ही नम्र विनंती."