उद्याच्या दुखण्याचा अंदाज

"मॅडम, उद्या दुखणार म्हणतंय," असं म्हणत सुलभा भांडगेंनी हात पदराखाली घेतला आणि कुंदा मंगरुळकरांनी कपाळाला हात लावला.

नाशिकच्या संधिवात संशोधन केंद्रात कुंदाताई रुग्णांकडून व्यायाम करून घेत. सुलभाताई येवल्याच्या, पैठणी विणणाऱ्या. औषधांनी बोटांची सूज उतरली होती, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली होती. आता बोटं हलली नाहीत, तर ती आखडणार आणि माग कायमचा सुटणार. आड येत होता मनगटावरचा वेदनावेधक. हा पट्टा रक्तातली रसायनं आणि सांध्यांची ऊब मोजून उद्या किती दुखेल ते सांगे. रोज लाल दिवा, आणि मेला रोज खरा!

"इनामदार, काढा तुमचं हे अवलक्षणी यंत्र!" कुंदाताई त्याच्या निर्मात्यावर कडाडल्या. "चांगलं म्हणून कधी सांगतच नाही."

तौफिक इनामदार विचारात पडले. "अंदाज खरा ठरला की त्याला गुण मिळतात, त्यातूनच ते शिकतं. 'दुखेल' म्हटलं की सुलभाताई हात हलवत नाहीत. सांधे आखडतात, मग दुखतंच. 'दुखणार नाही' म्हटलं आणि या दिवसभर मागावर बसल्या, तर अंदाज फसायचा. 'दुखेल' सांगणं बिनधोक."

"म्हणजे दुखणं हाच आणतो आणि वर शाबासकीही घेतो!"

इनामदारांनी दिवा बंद केला. अंदाज आता फक्त कुंदाताईंच्या संगणकाच्या पडद्यावर दिसू लागला.

दोन आठवडे गेले. मूठ वळेना, अंदाज चुकेना. कुंदाताईंचा पारा चढला. "आता त्यांना काही दिसत नाही, तरी हे असं कसं?"

"तुम्हाला दिसतं ना?" इनामदार हळूच म्हणाले.

कुंदाताईंनी पडद्याकडे पाहिलं. सकाळी आकडा पाहून 'आज हलकंच करू' असं रोज त्याच म्हणत होत्या. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

"मला कळायचंच की," सुलभाताई म्हणाल्या. "तुमचं तोंड उतरलं की समजायचं, उद्या काही खरं नाही."

कुंदाताईंनी पडदा खटकन बंद केला. "वळा मूठ!"

सुलभाताई कण्हल्या, चिडल्या, पण त्यांनी बोटं वळवली. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही.

काही दिवसांनी इनामदार चेहरा पाडून आले. "पट्टा बिघडलाय. 'दुखेल' म्हणतो आणि दुखतच नाही. दुरुस्तीला नेतो."

सुलभाताईंनी मनगटावरचा पट्टा दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं सुधारलाय."