बाबांच्या नावाने ग्लास

आयवालिकला आम्हाला एकच संध्याकाळ मिळाली होती. मागच्या टेकड्यांत भूकंपमापक पुरून झाले होते आणि सकाळी अंकाराला निघायचं होतं. आमच्या गटाच्या प्रमुख रुक्सान मॅडमनी बंदराजवळच्या एका जुन्या मद्यालयात, मेहानेत, टेबल राखून ठेवलं होतं. सूर्य अजून पाण्यावर होता. समोर खरबूज, पांढरं चीज, वांग्याचं भरीत, आणि पाणी घालून दुधासारखी झालेली राकी. कोपऱ्यात तिघे वाजवत होते: ऊद, दरबुका, क्लॅरिनेट. शेजारच्या टेबलावरच्या बायका खुर्च्या मागे सारून नाचायला लागल्या होत्या.

"त्या क्लॅरिनेटवाल्याचे गाल बघा," तायफून म्हणाला. तो माझ्याच वयाचा, माझ्याच प्रयोगशाळेतला. "फुटले तर आपली यंत्रं नोंद घेतील."

"गप रे," मॅडम हसत म्हणाल्या. "अशा वाजंत्र्यांच्या घरात मुलगी देशील का?"

"मुलगी? मी मांजरसुद्धा देणार नाही. तिलाही लग्नात वाजवायला बसवतील."

सगळे हसले. मीही हसले. माझे बाबा केशानला लग्नांत क्लॅरिनेट वाजवतात. त्यावरच माझं शिक्षण झालं.

"गुल्चिन, तुझे वडील काय करतात गं?" मॅडमनी विचारलं. "कधी बोलली नाहीस."

"बाबा नाहीत," मी म्हणाले. "गेले."

तायफूनचा चेहरा उतरला. "माफ कर गं. मी आपला काहीतरी बरळत बसलोय."

मॅडमनी माझा हात दाबला आणि ग्लास उचलला. "गुल्चिनच्या बाबांसाठी."

ग्लास एकमेकांना भिडले. मग गेलेल्या माणसांसाठी करतात तसं प्रत्येकाने आपल्या ग्लासाचा तळ टेबलावर टेकवला. टक्, टक्, टक्. मीही टेकवला. नाही टेकवला तर कारण काय सांगणार होते?

माझ्या ग्लासाचा आवाज उशिरा आला.

अगदी किंचित, पण उशिरा. कंपनं कुठून निघून कधी पोचतात हे पाहणं माझं कामच आहे. मी ग्लास उचलून खाली पाहिलं. पावाचा कणही नव्हता. टेबल जड संगमरवराचं होतं. मी हाताने हलवून पाहिलं, हललं नाही. गोंगाटात कान चुकला असेल, असं मी ठरवलं.

तायफूनला अजून चैन नव्हती. तो जाऊन क्लॅरिनेटवाल्याला आमच्या टेबलापाशी घेऊन आला. "उस्ताद, हिच्या वडिलांसाठी काहीतरी वाजवा."

"स्वर्गात जागा मिळो त्यांना," उस्ताद मला म्हणाला आणि वाजवायला लागला.

बाबांचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे. वरचा सूर घेण्याआधी तिथून हवा सुटते, बारीक 'स्स्' होतं. दुसऱ्या खोलीतूनही मी ते ओळखते.

वरचा सूर आला. त्याआधी स्स्. पुढच्या वेळीही. त्याच्या पुढच्याही.

उस्ताद थांबला तेव्हा मी मुद्दाम त्याचे दात पाहिले. सगळे अखंड होते.

"माफ करा, ताई," तो हातातल्या वाद्याकडे बघत म्हणाला. "मी असं वाजवत नाही." कोपऱ्यात जाऊन त्याने क्लॅरिनेट खुर्चीवर ठेवलं आणि तो तिच्यापासून जरा लांब उभा राहिला.

मी बाहेर धक्क्यावर येऊन घरी फोन लावला. आईने उचलला.

"बाबा कसे आहेत?"

"हे काय, टेबलाशी बसलेत. उद्याची सुपारी आहे, म्हणून वाजवायला बसले, तर सूरच उमटेना. फुंकतायत, फुंकतायत, नुसती हवा. आणि मघाशी टेबल टक् करून वाजलं गं. जवळपास कुणी नव्हतं. भूकंप होता का? तुला कळत असेल ना?"

"बाबांना फोन दे."

फोनवर श्वास आला. स्स्.

"बाबा, बोला ना."

स्स्. शब्द आला नाही.

"गुल्चिन!" आतून मॅडमची हाक आली. "ये गं, अजून एकदा, तुझ्या बाबांसाठी!"

मी फोन कानाशी तसाच धरून आत धावले. बाबा आहेत, एवढंच सांगायचं होतं. पण तायफूनने आजूबाजूलाही सांगितलं होतं. नाचणाऱ्या बायका थांबल्या होत्या. सगळी मेहाने ग्लास घेऊन उभी होती. तायफूनचे डोळे ओले होते. कुणीतरी माझ्या हातात ग्लास दिला.

"माझे बाबा..." मी म्हणाले.

"बोल, बाळा," मॅडम म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले.

"फार चांगले होते," मी म्हणाले.

कानाशी श्वास अडखळला.

ग्लास भिडले. सगळ्यांचे तळ टेबलांवर टेकले. टक्, टक्, टक्. मी माझा ग्लास हवेतच धरून ठेवला.

किंचित उशिरा, फोनमध्ये, एक टक्.

मी वाट पाहिली. फोनमध्ये पुन्हा स्स् झालं नाही.

कोपऱ्यात, खुर्चीवर पडलेल्या क्लॅरिनेटमधून झालं.