आप्पांचा पोचदिवा

दिनकर सुतारांच्या, म्हणजे आप्पांच्या, मोटारसायकलीला गावात सगळे 'वरात' म्हणत. हँडलला भर उन्हातही जळणारे दोन दिवे, चाकांच्या आऱ्यांना चमचमत्या पट्ट्या, हेल्मेटच्या मागे लुकलुकणारी लाल माळ, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे अंगातलं पोपटी जाकीट. हा थाट त्यांच्या मुलीने, तेजश्रीने केलेला. ती कोल्हापूरला रस्तासुरक्षेच्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होती आणि सुट्टीला येताना आईला साडी आणायची विसरेल, पण वडिलांच्या गाडीला नवा दिवा आणायची विसरत नसे.

आप्पा पेट्या दुरुस्त करत, म्हणजे हार्मोनियम. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांचे फाटलेले भाते आणि रुसलेले सूर त्यांच्याच हाती. त्यासाठी गडहिंग्लज-आजरा रस्त्यावर त्यांची रोजची ये-जा असे. त्याच रस्त्याने गोव्याकडे जाणारे मोठाले ट्रक धावत, आणि आता सगळं बॅटरीवर आल्यामुळे ते मांजराच्या पावलांनी अंगावर येत. आप्पा घरी पोचल्याचा आईचा फोन येईपर्यंत तेजश्रीला रोज धाकधूक असे.

या खेपेला तिने आणलेला दिवा सुपारीएवढा होता आणि तो तिने स्पीडोमीटरशेजारी बसवला.

"हितं कशाला? हितं तर मलाच दिसंल," आप्पा म्हणाले.

"तुमच्यासाठीच आहे. बाकीचे दिवे समोरच्याला सांगतात, मी आलोय म्हणून. त्यानं ते ऐकलं का, हे तुम्हाला कोण सांगणार?"

"म्हंजे पत्राची पोच असती, तशी."

"तशीच. पोचदिवा."

प्रत्येक चारचाकीत आता 'जागल्या' सक्तीचा झाला होता. ड्रायव्हरला डुलकी लागली की त्याला उठवणारा हा कॅमेरा. तेजश्रीच्या प्रयोगशाळेने त्याला आणखी एक काम शिकवलं. माणसाची नजर रस्त्यावरून फिरते, पण तिच्यात आलेलं सगळंच मन घेत नाही. घेतलं, तर डोळा तिथे निमिषभर थबकतो. जागल्या ते थबकणं टिपतो आणि समोरच्या मोटारसायकलीला पोच पाठवतो. गाडी जवळ येताच तांबडा पेटलेला दिवा मग हिरवा होतो. नाही झाला, तांबडाच राहिला, तर आपण त्या माणसासाठी रस्त्यावर नाहीच असं समजायचं आणि वेग कमी करून कडेला व्हायचं.

चाचणीसाठी त्या रस्त्यावरच्या बऱ्याच जणांच्या गाड्यांना पोचदिवे लागले. दुधवाले, कुरिअरवाले, एक नर्सबाई, एक पोस्टमन. महिनाभरात जे समोर आलं त्याने तेजश्रीची झोप उडाली. निम्म्याहून जास्त वेळा दिवा तांबडाच राहत होता. जाकिटं, पट्ट्या, लुकलुकणाऱ्या माळा सगळं अंगावर असूनही. सगळेच लुकलुकायला लागल्यावर लुकलुकण्याची किंमत संपली होती.

एकाच गाडीचा दिवा जवळजवळ प्रत्येक वेळी हिरवा होत होता. ती होती वरात.

तेजश्रीला वाटलं, यंत्रात बिघाड आहे. तिने दिवा बदलला, तरी तेच. शेवटी एका सकाळी ती हेल्मेट घालून आप्पांच्या मागे बसली.

पहिला टँकर समोर आला. आप्पांनी ॲक्सिलरेटर सोडला, गाडी जराशी मंदावली, आणि उजवा हात वर करून त्यांनी रामराम केला. ड्रायव्हर चमकला. हा कोण बुवा, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर उमटला, आणि गोंधळलेला त्याचाही हात अर्धवट वर आला. दिवा हिरवा. टँकरमागून पर्यटकांची गाडी आली, तिलाही रामराम, पुन्हा हिरवा. परराज्यातला ट्रक, पुन्हा तेच.

"आप्पा, निदान डाव्या हातानं तरी करा. उजवा ॲक्सिलरेटरवर असू दे."

"डाव्या हातानं कुणी रामराम करतं व्हय?"

तेजश्रीला हसूही आलं आणि आनंदही झाला. दिव्याकडे दुर्लक्ष करता येतं, रामरामाकडे करता येत नाही. 'ओळखीचा असला तर?' या धास्तीने माणसाचं मन तिथे अडतंच. जे प्रयोगशाळेत सापडत नव्हतं ते घरातच होतं. तिच्या डोक्यात लगेच एक यांत्रिक हात तयार होऊ लागला, समोर गाडी आली की आपोआप वर होणारा.

तेवढ्यात आप्पांनी आणखी एकदा ॲक्सिलरेटर सोडला आणि अदबीने हात वर केला. रस्त्याकडेला ताडपत्री पांघरून एक रोड रोलर उभा होता. त्यात कुणीही नव्हतं.

तेजश्रीने मागे वळून रोलरकडे पाहिलं. "आप्पा, गाडी थांबवा."

पुढच्या चहाच्या टपरीवर त्यांनी गाडी लावली. 

"कधीपासून दिसत नाही?" तिने विचारलं.

"एकदम दिसत न्हाई असं न्हाई. लांबचं जरा धुरकट. आधी काय अडत नव्हतं गं. आवाजावरनं मी गाडी वळखायचो. सरपंचाची जीप, पाटलांचा ट्रॅक्टर, सगळ्यांचा सूर न्यारा. आता ह्या बॅटरीच्या गाड्या, सगळ्या एकाच पट्टीत. कोण आलं कळायचं कसं? एकदा तुझा मामा समोरनं गेला आणि माझा हात वर झाला न्हाई. गावभर झालं, पोरगी इंजिनेर झाली आणि सुताराला माज चढला. तवापासनं ठरवलं, सगळ्यांनाच रामराम."

"आणि डॉक्टरकडे?"

"डॉक्टरनं गाडी बंद केली तर? पेट्या काय चालत येणार हायत माझ्याकडं?"

तेजश्रीला राग आला, आणि रागाहून जास्त रडू आलं. वर्षभर ती वडील दुसऱ्यांना दिसावेत म्हणून धडपडत होती. वडिलांना काय दिसतं, हे विचारायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

"सगळ्यांस्नी मी दिसत हुतो न्हवं?" आप्पा हळूच म्हणाले.

"रस्त्यात एखादं पोर आलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं का?"

 आप्पांनी खिशातून किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. परतताना गाडी तेजश्रीने चालवली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली तोवर तिकडे प्रयोगशाळेत यांत्रिक हात तयार होऊन चाचणीत उतरलाही होता. सुरुवातीला दिवे धडाधड हिरवे झाले. मग ड्रायव्हरांना कळलं की हात रबराचा आहे, आणि दिवे पुन्हा तांबडे होत गेले. तेजश्री खट्टू होऊन गावी आली आणि आप्पांच्या पहिल्या फेरीला त्यांच्यामागे बसली.

आप्पा लहान मुलासारखे खुशीत होते. "ती बघ, पाटलांची गाडी," म्हणून ते हात करत. पण अनोळखी गाडी आली की हात ॲक्सिलरेटरवरच राही. आता ओळख पटत होती; उगाच परक्याला रामराम कोण करतो? तेजश्री दिव्याकडे बघत होती. तांबडा. पुन्हा तांबडा. ती बोलणार, तेवढ्यात फाट्यावर डावीकडून एक टेम्पो आला.

ड्रायव्हरने मान वळवून थेट त्यांच्याकडे पाहिलं. दिवा तांबडा राहिला. आप्पांनी करकचून ब्रेक दाबला, गाडी कडेच्या मातीत उतरली, आणि टेम्पो आडवा येऊन समोरून निघून गेला. जाकीट, पट्ट्या, माळ, सगळं जागच्या जागी लुकलुकत होतं.

दोघं ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसली. 

"मला त्याचं डोळं दिसलं गं," आप्पा म्हणाले. "सरळ माझ्याकडं बघत हुता, आणि मी त्याला नव्हतोच. आधी मला हे कधी दिसलंच न्हाई."

तेजश्रीने त्यांचा हात हातात घेतला. "आज पोचदिव्यानं वाचवलं, आप्पा. पण तुमचा हात वर झाला असता तर तोच थांबला असता."

"वळखीचा नव्हता की."

"तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा कोण ओळखीचं होतं?"

 पुन्हा निघाल्यावर पहिला अनोळखी ट्रक दिसला, तसा आप्पांनी ॲक्सिलरेटर सोडला. हात वर जाताना मात्र अवघडला. न दिसणाऱ्या माणसाला रामराम करणं सोपं होतं. डोळ्यांदेखत परक्याला करायचा म्हणजे लाज वाटते. तरी त्यांनी केला. ट्रकवाल्याने कपाळाला आठ्या घालून पाहिलं, आणि दिवा हिरवा झाला.

सोमवारी तेजश्रीने रबरी हात गाड्यांवरून उतरवायला सांगितले. पोचदिवे राहू दिले. चाचणीतल्या सगळ्यांना बोलावून तिने एकच विनंती केली: वेग कमी करा आणि स्वतः हात करा. दुधवाले हसले, कुरिअरवाल्यांनी तोंडं वाकडी केली, नर्सबाईंनी मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. मग हळूहळू बाकीचेही करू लागले. दिवे हिरवे होत राहिले. हाताचीही सवय होऊन तो दिसेनासा होईल अशी तेजश्रीला भीती होती, आणि आजही आहे. पण खऱ्या हातामागे रोज नवं माणूस असतं, एवढाच तिचा भरवसा.

पुढच्या सुट्टीत ती पुन्हा आप्पांच्या मागे बसली होती. समोरून गोव्याकडचा एक टँकर येत होता. आप्पांचा हात अजून हँडलवरच होता. तेवढ्यात काचेआडच्या ड्रायव्हरने आधीच आपला हात वर केला. आप्पा चमकले, गाडी मंदावली, घाईघाईने त्यांनीही हात केला. दिवा केव्हाच हिरवा झाला होता.

टँकर गेल्यावरही ते आरशात बघत राहिले. नंबर कुठल्या तरी लांबच्या राज्याचा होता.

"तेजू, कोण गं हा? आपल्याला वळखत हुता काय?"