पाचवं ताट

त्या दिवशी कौशल्याबाई तलवाड्याच्या बाजाराला गेली ती खसखस आणि मासे आणायला. कारखान्याच्या जीपमधून गेली होती. बहात्तर सालच्या डिसेंबरातला बाजार म्हणजे काय, परदेशी मिलो ज्वारीची चार पोती आणि गिऱ्हाइकाची वाट बघत उकिडवे बसलेले दहा-बारा दुकानदार. पण गोऱ्या बाईंनी बजावलं होतं, आज आमचा नाताळचा सण आहे, खसखस हवीच आणि मासाही हवाच. खसखस वाण्याकडे मिळाली. मासे गोदावरीच्या कुठल्याशा डोहात उरलेले, एका भोयानं ओल्या फडक्याखाली झाकून आणले होते. तेवढे घेऊन ती दुपारी बंगल्यावर परतली.

गोरी बाई म्हणजे हालिना. तिचा नवरा यान पोलंडचा इंजिनिअर. इथल्या सहकारी साखर कारखान्याची यंत्रं त्यांच्या देशातून आली होती, ती बसवायला तो जूनमध्ये आला होता. सोबत बायको आणि सात वर्षांची एवा. कारखाना माळावर अर्धामुर्धा उभा होता. धुराडं तयार होतं, पण पंचक्रोशीत गाळायला ऊस नव्हता. दोन वर्षं पाऊस नव्हता. माणसं खडी फोडायला जात होती, नाहीतर कोयते घेऊन परमुलखात. कौशल्याबाईचा नवरा आणि मुलगाही ऊसतोडीला गेलेले. घरी एकटी सून, शिवकन्या, सहा महिन्यांची गरोदर. बंगल्यावर स्वयंपाक करायचा आणि संध्याकाळी एक घागर पाणी घरी न्यायचं, एवढ्या आधारावर दोघींचं चाललं होतं. कारण सगळ्या माळावर पाणी होतं ते बंगल्याच्या आवारातल्या विहिरीला. सगळ्या आवाराला तारेचं कुंपण, कुंपणाला फाटक, फाटकाला कुलूप आणि कुलपापाशी म्हाळू वॉचमन.

हालिनाचा त्या दिवसाचा सगळाच कारभार कौशल्याबाईला खटकत होता. सकाळपासून घरात कुणी पोटभर खाल्लं नव्हतं. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत खायचं नाही म्हणे. मग बाईंनी मूठभर वाळलेलं गवत मागितलं. या दिवसांत गवत कुठलं! यंत्रांच्या खोक्यांतला पेंढासुद्धा लोकांनी केव्हाच जनावरांसाठी नेला होता. साहेबांच्या ऑफिसात थोडा उरला होता तो तिनं आणून दिला. बाईंनी तो टेबलावर नीट पसरला, त्यावर पांढरी चादर घातली आणि वर ताटं मांडली. कौशल्याबाईनं मोजली. पाच.

"आज तुम्ही पण आमच्याबरोबर बसा," हालिना म्हणाली. सहा महिन्यांत तिला मोडकंतोडकं मराठी येऊ लागलं होतं.

म्हणजे चार झाली. पाचवं कुणाचं, हे कौशल्याबाईनं विचारलं.

"जो येईल त्याचं. आज आमच्या घरी कोणाला नाही म्हणायचं नाही."

कौशल्याबाईचे हात थांबले. "बाई, औंदा असं बोलू नका. औंदा येणारे लई हायत."

हालिनाला ते कळलं नाही, किंवा कळूनही तिनं तसं दाखवलं नाही. एवा मात्र माळावरच्या पोरांत खेळून इथलीच बोली बोलायची. तिनं पुढचंही सांगितलं, की आज मेलेली माणसंसुद्धा घरी येतात, म्हणून खुर्चीवर बसायच्या आधी फुंकर घालायची, नाहीतर आपण एखाद्याच्या अंगावर बसू. कौशल्याबाईच्या मनात पाल चुकचुकली. गवत, मेणबत्त्या, मेलेल्याचं ताट. सण असा असतो का? पण बोलून दाखवलं आणि बाईंना राग आला तर घागर बंद. ती मासे तळत राहिली.

दिवस कलला. एवा ओसरीवर चांदणी शोधत उभी होती. तळणाचा आणि दुधात शिजणाऱ्या खसखशीचा वास घरभर झाला होता. त्या वासात हळूहळू दुसरा एक वास मिसळला. उन्हात तापलेल्या कातड्याचा, धुळीचा, जनावराच्या घामाचा. कौशल्याबाई शेतकऱ्याच्या घरची, तिला तो ओळखायला विचार करावा लागला नाही. तिनं खिडकीतून पाहिलं. आवारात जनावर नव्हतं. या फाटकाच्या आत जनावर कधी आलंच नव्हतं.

तेवढ्यात एवा धावत आत आली. "आली!"

"चांदणी?" हालिनानं विचारलं.

"नाही, एक आजी. फाटकाशी उभी होती. मी म्हणलं, या."

यान हसला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलला. हालिनाही हसली. कौशल्याबाई हात पुसत बाहेर गेली. फाटकाला कुलूप होतं. पलीकडे उघडा माळ अंधुक होत चालला होता. म्हाळू फाटकाकडे पाठ करून घोंगडी पांघरून बसला होता. ती जवळ येताच तो म्हणाला, "कुणी आलं न्हाई."

"मी काय इचारलंच न्हाई अजून."

म्हाळूनं तोंड फिरवलं. त्याच्या मुठीत किल्ली इतकी आवळलेली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. हा माणूस काहीतरी लपवतोय, हे तिला तेव्हाच कळलं. पण आतून हाक आली, तशी ती माघारी वळली.

मेणबत्त्या लागल्या होत्या. हालिनानं पापडाहून पातळ, पांढरी पोळी सगळ्यांना मोडून दिली. कौशल्याबाईलाही एक तुकडा मिळाला. मग ज्यानं त्यानं आपापल्या खुर्चीवर फुंकर घातली. हालिना पाचव्या खुर्चीकडे वळली, तशी एवानं तिचा हात धरला.

"तिथं फुंकू नको. ती बसलीय."

कौशल्याबाईची खुर्ची नेमकी त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी होती. ती अंग चोरून बसली. घास तोंडात फिरत होता. तिनं त्या बाजूला पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. पाचव्या ताटातलं अन्न जसंच्या तसं होतं. पेल्यातलं पाणी मात्र अर्ध्यावर आलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते आणखी खाली गेलं आणि पेला रिकामा झाला.

मग तो आवाज सुरू झाला. कुरूम... कुरूम... संथ, जडसर. कौशल्याबाईनं लहानपणापासून हा आवाज ऐकला होता. दावणीला बांधलेलं भुकेलं जनावर वैरण खातं, तो आवाज. पाचव्या ताटाजवळ चादरीचा काठ हलला. तिच्याखालून पेंढ्याची एक काडी बाहेर सरकली आणि दिसेनाशी झाली. मग दुसरी. मग तिसरी.

यानचं हसू ओठांवरच राहिलं. हालिनानं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली.

"ती म्हणते..." एवा कुजबुजली, "पयले त्याला. मग मी."

"कुणाला गं?" कौशल्याबाईनं विचारलं.

"मागं उभा हाय की."

यान खुर्ची मागे लोटून उठला, टॉर्च घेऊन सगळं घर आणि आवार फिरून आला. कुणी नव्हतं. तोवर हालिनानं जे केलं ते कौशल्याबाई जन्मात विसरली नाही. तिनं पाण्याचा जग उचलला आणि तो पेला भरला. तो रिकामा झाला. पुन्हा भरला. पुन्हा रिकामा झाला. जग संपेपर्यंत ती ओतत राहिली. बोलावलेल्या पाहुण्याला आता नाही म्हणायचं तरी कसं? जग संपला तेव्हा आवाजही थांबला, आणि तो वास हळूहळू विरला.

कौशल्याबाई तडक म्हाळूकडे गेली. या वेळी तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं, जणू कुणी विचारायचीच तो वाट बघत होता.

चैतातली गोष्ट. दिंद्रुडकडची सुंदरबाई नावाची म्हातारी एकच बैल घेऊन जनावरांच्या छावणीकडे चालली होती. फाटकाशी थांबली. मला नको, म्हणाली, एक बादली बैलाला दे. वरचा हुकूम होता, पाणी बांधकामाचं आहे, थेंब कुणाला द्यायचा नाही. म्हाळूनं दिलं नाही. ती दिवसभर उन्हात तिथंच बसून राहिली. सकाळी पाहिलं तर दोघंही आडवी होती. ओळख पटेना, म्हणून लोकांनी तिला बेवारशी ठरवली. तिचं नाव म्हाळूला ठाऊक होतं, तिनंच सांगितलं होतं. पण मग ती पाणी मागत होती हेही सांगावं लागलं असतं. तो बोलला नाही.

"तवापसून रोज दिवेलागणीला येतीय," तो म्हणाला. "मी कुलूप लावून बसतो. आजपातुर आत येऊ दिली न्हाई... आज त्या लेकरानं या म्हणलं."

कौशल्याबाईनं ते सगळं साहेब-बाईंच्या कानावर घातलं आणि ती रात्र एवाच्या उशाशी बसून काढली. उजाडल्यावर याननं स्वतः जाऊन आपल्याजवळच्या किल्लीनं फाटक उघडलं आणि बाहेर पिंपात पाणी भरून ठेवायला गड्यांना सांगितलं. म्हाळू जागेवर नव्हता. घोंगडी तेवढी पडली होती. कौशल्याबाईनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि घराची वाट धरली. ऊन कोवळं होतं. पिंप भरलं गेलं, आता म्हातारीचा जीव शांत होईल, असं ती मनाशी म्हणत होती. चालता चालता तिचं मन हलकंही झालं.

शिवकन्या दारात झाडत होती. सासूला पाहून तिनं घागर उतरवून घेतली आणि सहज विचारलं, "आत्या, त्या म्हातारबाई कोण वो? तुमच्या वळखीच्या?"

"कोण म्हातारबाई?"

"पहाटंच आलत्या. म्हणल्या, रातच्याला कौशल्या माझ्या शेजारी जेवाय बसली हुती, आता आमी एका पंगतीच्या. आत येऊ का म्हणून इचारलं."

कौशल्याबाईच्या हातातली चुंबळ गळून पडली. "मग? तू काय म्हणलीस?"

"तुमच्या पंगतीच्या म्हणल्यावर न्हाई कशी म्हणू? म्हणलं, या. तुमी येस्तोवर बसल्या असतील आत."

कौशल्याबाई आत गेली. एका खणाचं घर, एका नजरेत दिसणारं. कुणी नव्हतं. ती बाहेर आली तेव्हा शिवकन्या गोठ्याकडे बोट दाखवत होती.

"बैल बी हाय त्यांचा. म्हणल्या, तिकडं बांधते."

दिवाळीच्या आधीच बैलजोडी विकली होती, तेव्हापासून गोठा मोकळाच होता. कौशल्याबाई तिथवर गेली. बैल नव्हता. शेण नव्हतं, खुरांच्या खुणाही नव्हत्या. फक्त खुंट्याला जुनं दावं बांधलेलं होतं. ते जमिनीवर पडलेलं नव्हतं. दुसऱ्या टोकाला काहीही नसताना ते ताणून हवेत उभं होतं, आणि मधूनमधून हिसका बसल्यासारखं दारात उतरवलेल्या घागरीच्या दिशेनं वळत होतं.