टाकीपासून आत्याच्या नळापर्यंत

वडपे गावच्या खालच्या आळीत नळ बसला खरा, पण त्याला करंगळीएवढीच धार. पुतळाबाई हंडा घेऊन हायवे ओलांडायची ती ओलांडतच राहिली. एके दिवशी कंटेनरनं तिचा पदरच ओढून नेला. थोडक्यात वाचली बिचारी! त्या दिवशी तिची भाची उन्नती हट्टालाच पेटली. पाइपलाइनची इंजिनीअर ना ती.

"आत्या, पाणी दारात आणते की नाही बघ!"

हिशेब सरळ होता. टाकीशी उंची, दाब आणि वेग मिळून जेवढी ऊर्जा, तेवढीच नळाशी. अटी दोनच महत्त्वाच्या: घर्षण किरकोळ हवं, आणि मध्ये कुणी ऊर्जा घालता-काढता कामा नये. पाइप नवाकोरा, घर्षण नगण्य. म्हणजे कुणीतरी लाइनला मोटर लावून पाणी ओढतंय. गावात सगळेच ओढतात! उन्नतीनं भांडून भांडून एकूण एक मोटर काढायला लावली.

तरी धार तेवढीच. शुक्रवारी लाइट गेली, मोटर चालणंच शक्य नव्हतं, तरी तेवढीच. गळतीही नाही, टाकीतून निघे तेवढं पाणी नळाला येई. फक्त जोर कुठंतरी नाहीसा व्हायचा.

जागोजाग दाब मोजत ती लाइनच्या वाटेवरच्या नव्या गोडाऊनच्या आवारात पोचली. फाटकाशी दाब पुरेपूर, दहा पावलांवर काहीच नाही. पाइप कापून पाहिला, आतून चकचकीत.

"तिथं आपली बाव होती गो," आत्या म्हणाली. "बुजवताना विहिरीला आधी घागरभर पाणी पाजतात. गोडाऊनवाल्यांचे ट्रक आले नि माती टाकून मोकळे झाले. कुणी पाजलंच न्हाय."

"विहिरीला कसली गं तहान?"

"मग जोर कोण खातंय, तू सांग."

उन्नतीला राग आला. विहीर असो नाहीतर आणखी काही, पाइप तिला वळसा घालून जाईल! भर उन्हात उभं राहून तिनं नवा पाइप टाकून घेतला. शेवटचा सांधा आवळला, तेव्हा बुजवलेल्या जागेवरची माती ओली दिसली. कापलेल्या पाइपातलं सांडलं असेल.

तेवढ्यात आत्याची हाक आली. "उन्नती! पाणी आलं गो!"

ती धावली. धारेनं हंडा कलंडला होता. आत्या हसत होती, ओंजळीनं पीत होती.

उन्नतीनं दाबमापक पाहिला. टाकीच्या उंचीनं मिळेल त्याच्या दुप्पट दाब.

फोन वाजला. टाकीवरून नवशाकाका, पाणी सोडणारे.

"झाली का जोडणी? वॉल अजून बंदच आहे, उघडू का आता?"

ती फोन टाकून वळली.

"आत्या, पिऊ नकोस!"

आत्यानं रिकामी ओंजळ पुन्हा नळाखाली धरली.

"तहानच भागत न्हाय गो."