आबांची फाइल कोण बंद करतं?

“गेली! पुन्हा गेली!” आबा ओरडले.

शाल्मली हातातला लाडू तसाच टाकून धावली. पडद्यावर आबांची फाइल नव्हती, नुसता कोरा चौकोन.

आबा म्हणजे तिचे आजोबा, नाचणीचे शास्त्रज्ञ. शाल्मलीची आई मंगळावरच्या वसाहतीत काचेच्या छताखाली नाचणी पिकवत होती, पण रोपं माना टाकत होती. ती जगवायची कशी, हे आबा लेकीसाठी लिहीत होते. आजारपणानंतर त्यांचा उजवा हात उचलला जात नसे आणि डावा थरथरे. तरी गडी मागे हटत नव्हता.

“मजकूर सुखरूप आहे,” म्हणत घरच्या यंत्रमानवाने, खटपट्याने, फाइल उघडून दिली.

“मजकूर आहे रे, पण डोक्यातलं वाक्य गेलं त्याचं काय? शालू, आईला कळव, म्हातारा थकला. नाही जमत आता.”

शाल्मलीला रडूच आलं. पण डोळे पुसून ती म्हणाली, “एकदाच लिहा, आबा. मी बघते.”

तिने त्यांच्या बोटांवर नजर ठेवली. कंट्रोल आणि एस दाबलं की मजकूर जतन होई. एसच्या अगदी डोक्यावर डब्ल्यू. बोट थरथरलं की तीच दाबली जाई, आणि कंट्रोल-डब्ल्यू हा फाइल बंद करायचा शॉर्टकट (कळा एकत्र दाबून दिलेला झटपट हुकूम) होता.

“मेली डब्ल्यू! उपटूनच टाकते तिला.”

“तिचा काय दोष?” खटपट्या म्हणाला. “कळ फक्त ‘मला दाबलं’ एवढंच सांगते. त्याचा अर्थ संपादक (मजकूर लिहायचा प्रोग्रॅम) आपल्या तक्त्यात शोधतो : या कळा, तर हा हुकूम. तो तक्ता आपल्याला बदलता येतो.”

“मग बंद करायला कुठल्या कळा ठेवू, आबा?”

आबांनी डाव्या कोपऱ्यातली कंट्रोल दाखवली आणि पार उजवीकडची एफ-बारा.

“अहो, तुमचा एक हात तिथवर पोहोचणार नाही!”

“म्हणूनच तर. चुकून बंद व्हायला नको. संध्याकाळी मुद्दाम बंद करताना दुसरी कळ तू दाबायचीस.”

शाल्मलीने तक्त्यात नवी ओळ घातली. थोड्याच वेळात आबा पुन्हा ओरडले, “गेली!”

“नवी घातलीस, पण जुनी ओळ काढलीस कुठे?” खटपट्याने विचारलं. “दोन्ही चालू आहेत.”

जीभ चावत तिने जुनी ओळ पुसली. आता बोट डब्ल्यूवर घसरलं तरी काही होईना. आबा दुपारभर लिहीत राहिले.

संध्याकाळी हाक आली, “शालू, चल, दुकान बंद करू.” दोघांनी एकदम कळा दाबल्या.

“आबा, पुढच्या यानाने मी आईकडे गेले की दुसरी कळ कोण दाबणार?”

“तूच. तिथून. तक्त्यात आणखी एक ओळ घालू : शालूचा संदेश आला की फाइल बंद.”

“मंगळावरून संदेश यायला कधीकधी दहा-पंधरा मिनिटं लागतात,” खटपट्याने आठवण करून दिली.

आबांनी थरथरता हात नातीच्या डोक्यावर ठेवला.

“थांबेन की. बंद करायची घाई कुणाला आहे?”